मासा खातो पण वाढत नाही : ग्रोथ हार्मोन कमी पडतंय की कोणी धरून ठेवलंय?

शेततळे_चोपडा
राम राम मंडळी. विषय जरा डोकं खाणारा आहे पण इथं मत्स्यवालेही आहेत अन प्राणीशास्त्र शिकवणारेही, म्हणून टाकतो. केळीच्या पाण्यासाठी शेततळं केलेलं, खाली प्लास्टिक अंथरलेलं, त्यात गिफ्ट तिलापिया (निवड करून सुधारलेली तिलापियाची जात) आणि थोडे रोहू सोडलेत. बीज (म्हणजे पिल्लं) एकाच गाडीतलं, खाद्य एकच, तरी काही मासे तळहाताएवढे झाले आणि काही अजून बोटभरच. मार्चपर्यंत बरं चाललं होतं, एप्रिल लागला तशी वाढ जागच्या जागी, खाद्य मात्र उचलून राहिले. आता परवा एक जण येऊन गेला, त्याच्याकडं बाटली आहे, म्हणे यात ग्रोथ हार्मोन आहे, खाद्याला चोळा आणि सावलीत वाळवून टाका, महिन्यात फरक बघा. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलं तर कशाचा कशाला मेळ नाही. मग रात्री थोडं शोधलं तर भलतंच निघालं, की हार्मोन असून भागत नाही, रक्तात 'बाइंडिंग प्रोटीन' नावाचा प्रकार असतो, तो वाढीच्या घटकाला धरून बसतो. हे नेमकं काय आहे आणि आपल्या तळ्याशी त्याचा काही संबंध आहे का, कोणी सोप्या भाषेत सांगेल का? बाटली घ्यायची का नाही ते पण सांगा, तो माणूस सोमवारी परत येणार आहे.

केळीवाला_रावेर
मासा खास पन वाढत नही, मना पोऱ्याबी तसाच शे भो 😄 बाटली लई तं मालेबी सांगजो.

झूलॉजी_मास्तर
चांगला प्रश्न आहे, वेळ आहे तर नीट लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

माशाच्या मेंदूच्या खाली पिट्युटरी ग्रंथी असते, तिथून ग्रोथ हार्मोन सुटतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण हे हार्मोन बरंचसं काम दुसऱ्याकडून करून घेतं. ते रक्तातून लिव्हरला जातं, लिव्हरला सांगतं की आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक बनव, आणि हा आयजीएफ मग स्नायू, हाडं, कल्ले सगळीकडं जाऊन पेशींना वाढायला लावतो. हा आयजीएफ दिसायला इन्सुलिनचा चुलत भाऊ, ७० अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. आता गंमत अशी की रक्तात हा मोकळा जवळजवळ फिरतच नाही. बहुतेक सगळा कुठल्या ना कुठल्या बाइंडिंग प्रोटीनला चिकटलेला असतो. यांना आयजीएफबीपी म्हणतात, पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत यांचे सहा प्रकार, नंबर १ ते ६.

आयजीएफ म्हणजे बैल समजा आणि ही प्रोटीन्स म्हणजे दावं. दाव्याला बांधलेला बैल हरवत नाही, कोणाच्या वावरात शिरत नाही, म्हणजे आयजीएफ किडनीतून वाहून जात नाही, तुटत नाही, जास्त वेळ टिकतो. पण बांधलेला आहे तोवर नांगरही ओढत नाही. पेशीवर आयजीएफचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडून निरोप आत पोचवणारी जागा, असते, तिच्यापाशी जायचं तर आधी दावं सुटावं लागतं, आणि ही पकड रिसेप्टरच्या पकडीएवढी, कधी त्याहून घट्ट असते. म्हणून रक्तात एकूण आयजीएफ किती यावरून अर्धीच गोष्ट कळते. कोणत्या दाव्याला बांधलाय आणि कुठं सुटतोय, ती उरलेली अर्धी. इन्सुलिन मात्र या दाव्याला लागत नाही, ते आपलं मोकळंच फिरतं.

पांझरा_हॅचरी
मास्तर, पिट्युटरीचं नाव निघालं म्हणून सांगतो, आम्ही हॅचरीवाले तिला चांगलं ओळखतो. पूर्वी मेलेल्या माशाचं डोकं फोडून पिट्युटरी काढायची, स्पिरिटात ठेवायची, वाटून मादीला इंजेक्शन द्यायचं, मग ती अंडी द्यायची. आता तयार इंजेक्शन मिळतं. १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्याच्यावरूनच, १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी आपल्या कार्प माशांचं असं प्रजनन पहिल्यांदा करून दाखवलं. त्याच्याआधी रोहू कटलाचं बीज म्हणजे पुराच्या वेळी नदीतून धरून आणायचं.

पण ते इंजेक्शन अंड्यासाठी, वाढीसाठी नाही. त्यामुळं तळ्यावर कोणी 'हार्मोन' म्हटलं की आधी विचारायचं, कोणतं?

झूलॉजी_मास्तर
@पांझरा_हॅचरी १९५७ वरून आठवलं, त्याच वर्षी अमेरिकेत उंदरांवर काम करताना दोघांच्या लक्षात आलं की ग्रोथ हार्मोन कूर्चेवर थेट काम करत नाही, रक्तात दुसरंच काहीतरी मधे आहे. ते मधलं काहीतरी म्हणजेच पुढं जाऊन आयजीएफ ठरला. त्या दोघांतल्या एकाचं आडनाव सामन, दुसरा डॉहडे. सामन माशाच्या नावाच्या माणसानं उंदरात शोधलेलं आणि पुढं त्यावर ढीगभर काम सामन माशातच झालेलं, असा योग.

हतनूर_बॅकवॉटर
ते सगळं ठीक आहे हो मास्तर पण चोपडावाल्याच्या तळ्याचं सांगा ना. खातो तर जातं कुठं?

झूलॉजी_मास्तर
तेच सांगतो. सहा प्रकार म्हटले पण माशांत गोष्ट अजून पसरलेली आहे. हाडांच्या माशांच्या पूर्वजात फार जुन्या काळी अख्खा जीनोम, म्हणजे सगळ्या जीनचा संच, दुप्पट झाला, त्यामुळं बऱ्याच जीनच्या दोन दोन प्रती, म्हणून १अ, १ब, २अ, २ब असे नंबर. सामन-ट्राउटच्या कुळात अजून एकदा दुप्पट झालं, तिथं तर १९ जीन मोजलेत. झेब्राफिश, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात तो छोटा मासा, त्यात उलट ४ नंबरचा जीन गळालाच आहे.

सामनच्या रक्तात तीन मुख्य दिसतात. सगळ्यात मोठं ते २ब, हे पोट भरलेल्या, वाढणाऱ्या माशात जास्त असतं, आयजीएफला घेऊन फिरणारं मुख्य वाहन तेच. (बरीच वर्षं सगळे त्याला ३ नंबर समजत होते, कारण माणसात ते काम ३ नंबर करतं. नंतर प्रोटीन शुद्ध करून त्याची साखळी वाचली तेव्हा २ब निघालं. असं होतं, आकार सारखा दिसला की माणसाचं लेबल माशाला लावायची घाई.) आणि दोन छोटे, १अ आणि १ब. हे १ नंबरवाले आपल्या कामाचे. मासा उपाशी राहिला, घाबरला, जाळ्यात हाताळला, की हे वर जातात. स्ट्रेसचं हार्मोन जे कॉर्टिसोल, ते टोचलं तरी वर जातात. आणि वर गेले की आयजीएफ पकडून वाढ दाबतात.

आता कान देऊन ऐका, कारण बाटलीचं उत्तर इथंच आहे. उपाशी माशाच्या रक्तात ग्रोथ हार्मोन कमी होत नाही, वाढतं. होय, वाढतं. लिव्हर ते ऐकायचं बंद करतं, आयजीएफ खाली येतो, आणि जो काही आहे तो १ नंबरवाले धरतात. ग्रोथ हार्मोन तेव्हा चरबी जाळून मासा जिवंत ठेवायच्या कामाला लागलेलं असतं. म्हणजे न वाढणाऱ्या माशात ग्रोथ हार्मोन भरपूर असू शकतं. मग बाहेरून अजून ओतून काय होणार?

शेततळे_चोपडा
हे तर डोक्यातच आलं नव्हतं. पण माझे मासे उपाशी नाहीत ना, दोन टाइम खाद्य टाकतो.

नवापूरकर
मी उकाईच्या बॅकवॉटरला पिंजऱ्यात पंगेशियस अन तिलापिया करतो, म्हणून सांगतो. तू टाकतो म्हणजे सगळे खातात असं नाही भाऊ. तिलापिया दादागिरी करणारा मासा आहे, मोठे चारपाच जण खाद्याच्या जागेवर उभे राहतात आणि बारीक कडेला. त्याला खाद्य पसरून टाकायचं, एका कोपऱ्यात नाही. आणि चाळणी केली का मधे? बारीक वेगळे, मोठे वेगळे. आणि दुसरं, सगळे नर आहेत का ते बघ. माद्या असल्या तर तोंडात अंडी धरून बसतात, तेवढे दिवस खात नाहीत, परत धरतात, परत खात नाहीत, त्या बोटभरच राहणार.

झूलॉजी_मास्तर
नवापूरकरांनी बरोबर पकडलं आणि हे जीवशास्त्राला धरूनच आहे. दबलेल्या माशात कॉर्टिसोल चढलेलं राहतं, पोटही रिकामं. म्हणजे १ नंबरवाल्यांना वर न्यायला दोन्ही कारणं हजर. एकाच गाडीतलं बीज, एकच पाणी, पण आतून दोन वेगळे मासे.

धुळे_बायोटेक
मास्तर ऑक्सिजनचं राहिलं. एप्रिलमध्ये थांबलं म्हणतात ते, तिथं बघा. झेब्राफिशवर २००५ साली कुनमिंग दुआन यांच्या मिशिगनच्या लॅबचं काम आलं होतं, मी एम.एस्सी.ला सेमिनार त्याच्यावरच दिला होता म्हणून पाठ आहे. भ्रूणांना कमी ऑक्सिजनच्या पाण्यात ठेवलं की वाढ आणि विकास दोन्ही मंदावतात, आणि आयजीएफबीपी-१ खूप चढतं. आता नुसतं दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून कारण ठरत नाही, तर त्यांनी उलट करून बघितलं. कमी ऑक्सिजनमध्येच ठेवून १ नंबर बनू दिलं नाही, तर वाढ बरीच परत आली. मग चांगल्या ऑक्सिजनमध्ये ठेवून मुद्दाम १ नंबर जास्त बनवलं, तर तिथंही वाढ मंदावली. म्हणजे ऑक्सिजन कमी पडला म्हणून पेशी दमून थांबल्या एवढंच नाही, मासा स्वतः ब्रेक दाबतो. ऊर्जा कमी आहे तर वाढीवर खर्च नको, जीव वाचव.

मला यातलं हेच आवडतं. आपण म्हणतो वाढ 'खुंटली', जसं काही बिघडलं. बिघडलं काही नाही, माशाच्या शरीरानं हिशेब करून थांबवलंय.

हतनूर_बॅकवॉटर
हा आता कळलं. मे मध्ये भुसावळला ४५ च्या वर जातं, पाणी बी तापतं, तापलेल्या पाण्यात हवा राहत नाही हे आमचे आजोबा पण सांगायचे, मासे पहाटे वर येऊन तोंड मारतात.

धुळे_बायोटेक
आजोबा बरोबर होते. २० अंशाला पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच्या आसपास, ३५ ला सातच. आणि हे जास्तीत जास्त मावणारं. त्यात रात्री शेवाळ पण श्वास घेतं, तळाचा गाळ कुजतो, खाली पडलेलं खाद्य कुजतं, म्हणून पहाटे सगळ्यात कमी. वरून तापलेल्या पाण्यात माशाची गरज उलट वाढलेली. आणि शेततळ्याचं पाणी केळीला उपसून खाली गेलेलं असणार, तेवढेच मासे कमी पाण्यात.

केळीवाला_रावेर
भो हाई तं खरं शे, मे मा केळीले दररोज पानी लागस, तळं आर्धं व्हई जास.

यावलची_मावशी
मी मत्स्यवाली नाही, घरी फक्त खाते 😊 पण एक विचारू का, हे आयजीएफ म्हणा नाहीतर ते बाइंडिंग प्रोटीन म्हणा, मासा खाल्ल्यावर आपल्या अंगात जातं का? आमच्याकडं पोरींना घरात कोणी तिलापिया खाऊ देत नाही, हार्मोनचा मासा म्हणतात.

झूलॉजी_मास्तर
मावशी, ही सगळी प्रोटीनं. शिजवली की उलगडतात आणि पोटात डाळीच्या प्रोटीनसारखीच पचून तुकडे होतात. काळा मसाला घालून निवांत खा.

आणि हाच मुद्दा बाटलीला लावा. ग्रोथ हार्मोन हे सुद्धा प्रोटीन, तेही चांगलं १८०-१९० अमिनो आम्लांचं मोठं. खाद्याला चोळून माशाच्या पोटात गेलं तर बहुतेक पचूनच जाणार. आधी बाटलीत ते खरंच आहे का, असलं तर वाळवताना टिकलं का, पोटात टिकलं का, आणि इतकं करून रक्तात पोचलं तर पुढं लिव्हर ऐकतंय का आणि १ नंबरवाले सोडतायत का. इतक्या दारांतून जायचंय त्याला.

पांझरा_हॅचरी
पण मास्तर तिलापियाच्या बीजाला हार्मोनचं खाद्य देतातच की, सगळे नर करायला. ते कसं पचत नाही?

झूलॉजी_मास्तर
ते मिथाइल टेस्टोस्टेरॉन, ते स्टेरॉइड आहे, प्रोटीन नाही. छोटा रेणू, पचनात तुटत नाही, आतड्यातून तसाच शिरतो. आणि ते फक्त पिल्लं अगदी बारीक असताना तीनचार आठवडे, नर-मादी ठरायच्या काळात, हॅचरीत. नर जास्त वाढतो म्हणून फायदा. मावशींच्या घरी जी भीती आहे ती बहुधा याच्यावरूनच आलेली, पण ताटात येईतो मासा कितीतरी महिन्यांचा झालेला असतो, एवढ्या काळात ते शरीराबाहेर पडून जातं.

शंकासुर_नंदुरबार
एक उलटा प्रश्न. बाहेरून हार्मोन देऊन उपयोग नाही म्हणता, मग तो जनुक बदललेला अमेरिकेतला सामन कसा वाढतो भराभर? त्यात ग्रोथ हार्मोनचाच जीन टाकलाय ना? तुमच्या थिअरीला छेद जातो.

धुळे_बायोटेक
चांगला धरलात. त्यात चिनूक सामनचा ग्रोथ हार्मोनचा जीन आहे आणि त्याला चालू करणारा तुकडा दुसऱ्याच माशाचा, जो थंडीतही बंद पडत नाही. १९८९ ला बनवला आणि अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं अन्न-औषध खातं) २०१५ ला खायला मान्यता दिली. तीन वर्षांत विकायला येणारा मासा साधारण दीड वर्षात यायचा, २०२४ च्या शेवटी कंपनीनं उत्पादन थांबवलं. पण तो टाकीत वाढायचा, पाणी थंड, ऑक्सिजन मोजून, पोटभर खाद्य. म्हणजे दावं सैल ठेवलेलं होतं. ग्रोथ हार्मोन कामाचंच नाही असं कोणी म्हणत नाहीये, पोट भरलेलं असेल, ऑक्सिजन असेल तर त्याचा जोर दिसतो. त्याच माशाला उपाशी ठेवा, मग बघा. छेद नाही जात, उलट बाजू दिसते.

आणि जीन न बदलता पण वाढ सुधारता येते, आपल्याकडं जयंती रोहू आहे, भुवनेश्वरच्या सीफानं (केंद्राची गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची संस्था) नॉर्वेच्या मदतीनं निवड पद्धतीनं केलेला, पिढीमागं सरासरी १७ टक्के वाढ मिळाली. बीज घेताना ते मागा, बाटलीपेक्षा पैसे तिथं लागू पडतील.

झूलॉजी_मास्तर
एक राहिलंच, म्हणजे कोणाला वाटायला नको की ही प्रोटीन्स फक्त अडवतात. ५ नंबरवालं बघा. झेब्राफिशच्या कातडीवर कॅल्शियम ओढून घेणाऱ्या खास पेशी असतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की त्या गप्प. कमी झालं की त्या भराभर वाढतात, आणि ते आयजीएफच्या इशाऱ्यावर. तिथं ५अ नंबर आयजीएफला पेशीच्या दारात धरून ठेवतं, आणि पॅप-ए नावाचं एक एन्झाइम येऊन ते ५अ कापतं, की आयजीएफ जागेवरच मोकळा. म्हणजे दावं तोडायला वेगळा माणूस ठेवलाय, आणि बैल नेमका त्याच वावरात सुटतो जिथं काम आहे. आणि त्या पॅप-ए ला आवरणारं परत दुसरंच हार्मोन आहे, स्टॅनिओकॅल्सिन. हे मुळात सापडलं माशांतच, किडनीजवळच्या छोट्या गाठींत, त्या गाठी स्टॅनियस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८३९ ला दाखवल्या होत्या. नंतर कळलं की माणसातही ते आहे. म्हणजे माशाच्या कॅल्शियमसाठी शोधलेली गोष्ट आयजीएफच्या दाव्याची रखवालदार निघाली. मला तर हा सगळा प्रकार इतका आवडतो की वर्गात या भागाला नेहमी तास कमी पडतो.

चोपड्याच्या बोअरच्या पाण्याला क्षार कमी नाहीत, त्यामुळं कॅल्शियमची ही भानगड तुमच्या तळ्यात नसावी. तुमचं दुखणं १ नंबरचं दिसतंय.

शंकासुर_नंदुरबार
बरं मानलं. पण हे दुखणं परत उतरतं का? का एकदा थांबला की मासा थांबला?

झूलॉजी_मास्तर
उतरतं, आणि पटकन. उपाशी माशाला परत खायला दिलं की १ नंबरवाले लवकर खाली येतात, आयजीएफ आणि २ब हळूहळू वर येतात. बरेच मासे तर मागचं भरून काढायला नेहमीपेक्षा जोरात वाढतात. मासा आपल्यासारखा एका उंचीला येऊन थांबत नाही, अन्न आणि पाणी मिळालं तर स्नायूत नवीन तंतू बनत राहतात. माद्यांचं मात्र वेगळं, त्या अंड्यांच्या चक्रात अडकल्या तर चाळून काढणं हाच उपाय.

नवापूरकर
चोपडावाले भाऊ, मग सोमवारच्या आत एवढं करा. पहाटे पाचला ऑक्सिजन मोजा, दुपारी मोजून काही कळत नाही, दुपारी सगळ्यांचाच छान येतो. मीटर नसला तर तालुक्याला मत्स्य विभागात विचारा किंवा जवळच्या पिंजरावाल्याकडून आणा. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या खाली सारखं येत असेल तर खाद्य निम्मं करा आणि मासे विरळ करा. सकाळी सूर्य वर आल्यावरच खाद्य टाका, पहाटे नाही.

शेततळे_चोपडा
विरळ करतो, मोठे काढून विकून टाकतो म्हणजे दादागिरी पण कमी होईल. एरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) घ्यायचा विचार आहे, बाटलीचे पैसे त्यातच टाकतो. पण अडचण वेगळीच आहे, शेतीची थ्री फेज लाइन आमच्याकडं पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. एरेटर लागतो पहाटे. दिवसाच्या पाळीला काय करू?

हतनूर_बॅकवॉटर
सिंगल फेजवर चालणारा छोटा ब्लोअर मिळतो, घरच्या लाइनवरून वायर ओढा, पाऊण-एक एचपीचा. नाहीतर पंपाचं पाणी तळ्यात उंचावरून पाडा, पाइपाला भोकं पाडून, तेवढीच हवा. पाणी उपसणार आहातच केळीला, तर थोडं फिरवून परत तळ्यातच पडू द्या.

केळीवाला_रावेर
सोलर पंप शे का तुमनाकडे? व्हई तं बॅटरी लावा. ते बाटलीवालाले मनाकडे नका धाडजात आते.

शेततळे_चोपडा
सोलर नाही. सिंगल फेजचा ब्लोअर बघतो, कोणाकडं चोपडा-शिरपूर साइडला वापरलेला असेल तर इथंच टाका, पहाटेचं रीडिंग आलं की मी पण टाकतो.